‘फुकट’ फोनची किंमत : मोबाइल करार मुदतीपूर्वी मोडताना

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी तरुणाचा पहिला आठवडा एके काळी ठरलेला असे. विमानतळावरून मित्राच्या घरी, मग बँकेत खाते आणि त्यानंतर मॉलमधल्या सेलफोनच्या दुकानात. काचेवर फोनच्या चित्राखाली मोठ्या अक्षरांत ‘फ्री’ असे लिहिलेले असे आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘दोन वर्षांच्या करारासह’. सही करताना दुसऱ्या ओळीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नसे. पुढे नोकरी सुटली, दुसऱ्या राज्यात काम मिळाले, घरी आजारपण निघाले किंवा मायदेशी परतण्याची वेळ आली, की ती ओळ बिलावर उमटे. त्या रकमेचे नाव होते मुदतपूर्व समाप्ती शुल्क.

आज दुकानातील पाटीवरील शब्द बदलले आहेत. दोन वर्षांचा तो जुना करार अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी केव्हाच बंद केला. तरीही मध्येच बाहेर पडणाऱ्याच्या हाती येणारे बिल पूर्वीपेक्षा मोठे असू शकते. याचे कारण साधे आहे. ग्राहक जे शुल्क भरतो ते बहुतांशी सेवेचे नसतेच; ते दुकानात न भरलेल्या फोनच्या किमतीचे असते. एवढी गोष्ट उमगली, की करारातून सुटण्याच्या कोणत्या वाटा खऱ्या आणि कोणत्या महागात पडणाऱ्या, हे ओळखणे सोपे जाते.

कराराचे मूळ

फोनची किंमत आणि सेवेचे मासिक शुल्क या वास्तविक दोन वेगळ्या गोष्टी. परंतु अमेरिकेतील कंपन्यांनी नव्वदच्या दशकापासून त्या एकत्र बांधल्या. महागडा फोन ग्राहकाला नाममात्र किमतीत द्यायचा, त्यातील तोटा आपण सोसायचा आणि पुढील एक-दोन वर्षांच्या मासिक बिलांतून तो हळूहळू भरून काढायचा, अशी ती व्यवस्था होती. ग्राहक मध्येच निघून गेला तर तोटा अंगावर पडेल, म्हणून कराराला शुल्काचे कुंपण घालण्यात आले.

ही व्यवस्था किती मोठ्या रकमेची होती, हे २००८च्या आयफोन ३जीवरून दिसते. एटी अँड टी कंपनीच्या दोन वर्षांच्या करारासह हा फोन १९९ डॉलरना मिळे. कराराविना त्याच फोनची किंमत ५९९ डॉलर होती. मधले ४०० डॉलर कंपनीने घातलेले होते आणि ते परत मिळवण्याचा मार्ग म्हणजे ग्राहकाचे चोवीस महिने.

यात एक मेख होती. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर फोनची किंमत वसूल झालेली असे. मासिक बिल मात्र तेवढेच राही. कराराची मुदत संपल्यावरही तोच फोन वापरत राहणारा काटकसरी ग्राहक न मिळालेल्या फोनचे पैसे भरत असे. त्यामुळे मुदत संपताच नवा फोन घ्यावा आणि पुन्हा दोन वर्षांसाठी सही करावी, याकडेच सर्वांचा कल राहिला.

शुल्काचा हिशेब

सुरुवातीच्या काळात हे शुल्क साधारण १५० ते २०० डॉलर असे आणि ते शेवटच्या महिन्यापर्यंत तेवढेच राही. करार मोडणारा ग्राहक पहिल्या महिन्यात निघाला काय नि तेविसाव्या महिन्यात निघाला काय, रक्कम एकच. फोनची किंमत वसूल करणे हाच हेतू असेल तर काळ जाईल तशी रक्कम घटायला हवी, हा ग्राहकांचा युक्तिवाद त्यामुळे बिनतोड ठरला.

दरम्यान, नोव्हेंबर २००३ पासून अमेरिकेत क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय सुरू झाली. जुना क्रमांक सुटण्याची भीती संपल्यावर ग्राहकाला थोपवून धरणारी मुख्य गोष्ट उरली ती हे शुल्क. तक्रारी वाढल्या, खटले उभे राहिले. व्हेरायझनने २००६च्या अखेरीस शुल्क दरमहा घटवण्यास सुरुवात केली. एटी अँड टी, टी-मोबाइल आणि स्प्रिंट यांनी २००८ मध्ये तोच मार्ग धरला. १७५ डॉलर शुल्कातून दर महिन्याला पाच डॉलर वजा, असा साधारण हिशेब असे. तेवीस महिने पूर्ण केलेल्या ग्राहकाला मग ६० डॉलर भरावे लागत.

स्मार्टफोन आले आणि गणित पुन्हा बदलले. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझनने अशा फोनसाठी शुल्क दुप्पट करून ३५० डॉलर केले व दरमहा दहा डॉलर घट ठेवली. म्हणजे तेवीस महिन्यांनंतरही १२० डॉलर उरत. चोविसाव्या महिन्यात शून्यावर येणारी रक्कम त्याच्या आदल्या महिन्यात १२० डॉलर का, हा प्रश्न अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनलाही पडला आणि आयोगाने कंपनीकडे विचारणा केली. जून २०१० मध्ये एटी अँड टीने स्मार्टफोनसाठी ३२५ डॉलरचे शुल्क लागू केले. २०१० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या गुगलच्या नेक्सस वन या फोनवर तर सुरुवातीला दुहेरी शुल्क होते : करार मोडल्यास सेवा कंपनी वेगळे पैसे घेणार आणि फोनच्या सवलतीपोटी गुगलही. टीका झाल्यावर गुगलने आपली रक्कम ३५० वरून १५० डॉलरवर आणली.

भरपाई की दंड?

करार मोडणाऱ्याने समोरच्याचे नुकसान भरून द्यावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. नुकसानाशी संबंध नसलेली रक्कम केवळ धाक म्हणून लावता येत नाही, हेही तितकेच मान्य आहे. मुदतपूर्व शुल्काचा सगळा वाद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेतला.

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्यानुसार ग्राहक करारात नुकसानीची रक्कम आधीच ठरवून ठेवण्यावर कडक बंधने आहेत. त्या आधारे स्प्रिंटविरुद्ध चाललेल्या सामूहिक खटल्यात २००८ मध्ये अलामेडा काउंटीच्या न्यायालयाने हे शुल्क बेकायदा दंड ठरवले. प्रत्यक्ष नुकसानाचा अंदाज बांधून ते आकारलेले नव्हते, हे त्यातील मुख्य कारण. वसूल केलेले आणि मागणी केलेले शुल्क मिळून सुमारे सात कोटी ३० लाख डॉलरचा तो निर्णय होता. २०११ मध्ये अपील न्यायालयाने शुल्क बेकायदा असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. मात्र ग्राहकांनी करार मोडल्याने कंपनीचे प्रत्यक्ष किती नुकसान झाले, हा मुद्दा पुन्हा तपासण्याचा आदेशही कायम राहिला. शुल्क बेकायदा ठरले म्हणून ग्राहक सर्व देण्यांतून मोकळा होतो, असे नव्हे, हा या खटल्याचा दुसरा धडा. अशाच स्वरूपाच्या खटल्यात व्हेरायझनने २००८ मध्ये दोन कोटी १० लाख डॉलर देऊन तडजोड केली होती.

पुढे अशा सामूहिक खटल्यांची वाट अरुंद झाली आणि तीही एका ‘फुकट’ फोनमुळेच. कॅलिफोर्नियातील एका दांपत्याला फुकट म्हणून मिळालेल्या फोनवर पूर्ण किमतीच्या हिशेबाने ३०.२२ डॉलर विक्रीकर आकारण्यात आला. त्यातून उभा राहिलेला ‘एटी अँड टी मोबिलिटी विरुद्ध कन्सेप्शियन’ हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. करारात लवादाचे कलम असेल आणि त्यात सामूहिक दाव्याला मनाई असेल, तर राज्याचा कायदा त्याच्या आड येऊ शकत नाही, असा निकाल एप्रिल २०११ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने लागला. तेव्हापासून असे कलम असलेल्या करारावर सही केलेल्या ग्राहकासमोर मुख्यत्वे तीन दारे उरतात : कंपनीशी थेट वाटाघाट, वैयक्तिक लवाद किंवा करारात मुभा असल्यास लहान रकमांचे न्यायालय, आणि फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे विनामूल्य तक्रार. आयोगाने तक्रार पाठवल्यावर कंपनीला साधारणपणे ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. कित्येकदा फोनवर महिनाभर न हललेले प्रकरण त्या पत्रानंतर हलते.

सुटकेच्या वाटा

मुदतपूर्व शुल्क न भरता किंवा कमी भरून बाहेर पडण्याच्या वाटा करारातच लिहिलेल्या असतात. त्या शोधाव्या लागतात, एवढेच.

पहिली वाट चाचणीच्या काळाची. मोबाइल उद्योगाच्या संघटनेने २००३ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेनुसार नव्या ग्राहकाला किमान १४ दिवसांची मुदत मिळते. घरात, कचेरीत, रोजच्या रस्त्यावर सिग्नल मिळतो की नाही, हे याच दिवसांत पाहून घ्यावे. फोन खोक्यासह परत केल्यास शुल्क लागत नाही. वापरलेल्या सेवेचे आणि कधी कधी फोन परत घेण्याचे पैसे द्यावे लागतात.

दुसरी वाट कंपनीनेच अटी बदलल्यास उघडते. कराराच्या मध्यावर दर वाढवून ग्राहकाचे नुकसान होत असेल, तर ठरावीक दिवसांत, बहुधा तीस, विनाशुल्क बाहेर पडण्याचा हक्क अनेक करारांत असे. २००६ ते २००८ या काळात लघुसंदेशाचा दर दहा सेंटवरून वीस सेंटवर गेला, तेव्हा जागरूक ग्राहकांनी याच कलमावर बोट ठेवून करार मोडले. मात्र अशी सूचना बिलासोबत छोट्या अक्षरांत येते आणि मुदत तिच्या तारखेपासून मोजली जाते. बिल न वाचता पैसे आपोआप खात्यातून वळते करून देणाऱ्याची ही संधी हुकते.

तिसरी वाट पत्ता बदलल्याची. जिथे कंपनीची सेवाच पोहोचत नाही अशा ठिकाणी राहायला जाणाऱ्याला काही कंपन्या शुल्क माफ करतात. भाडेकरार किंवा वीजबिल मागतात. सैनिकांसाठी ही सवलत कंपनीच्या मर्जीवर नाही. २००८ पासून फेडरल कायद्याने ९० दिवस वा अधिक काळासाठी सेवा न पोहोचणाऱ्या ठिकाणी नेमणूक झालेल्या सैनिकाला विनाशुल्क करार संपवण्याचा हक्क दिला आहे. खोटे भाडेकरार दाखवून सुटका करून घेण्याचे सल्ले पूर्वी सर्रास दिले जात. ती सरळ फसवणूक आहे आणि परदेशी व्हिसावर राहणाऱ्याने तर त्या वाटेला मुळीच जाऊ नये.

चौथी वाट करार दुसऱ्याच्या नावे करण्याची. अल्प मुदतीसाठी सेवा हवी असलेल्या व्यक्तीने उरलेले महिने आपल्या अंगावर घ्यायचे. कंपनीने तिची पत तपासायची आणि नाव बदलायचे. २०००च्या दशकाच्या मध्यावर असे देणारे-घेणारे जुळवून देणाऱ्या सेवाही निघाल्या होत्या. विद्यापीठांच्या गावी मे महिन्यात परतणारा विद्यार्थी आणि ऑगस्टमध्ये येणारा विद्यार्थी यांच्यात हा व्यवहार सोयीचा ठरे. येथे दक्षता एकच : नाव बदलल्याची कंपनीची लेखी पोच हाती येईपर्यंत बिलाची जबाबदारी मूळ सही करणाऱ्याचीच असते. मित्राच्या तोंडी आश्वासनावर फोन त्याच्या हाती देऊन विमानात बसणारा विद्यार्थी आपली पत त्याच्या स्वाधीन करून जातो.

पाचवी वाट प्रतिस्पर्ध्याच्या खिशातून. जानेवारी २०१४ मध्ये टी-मोबाइलने दुसऱ्या कंपनीचा करार मोडून येणाऱ्या ग्राहकाला प्रत्येक जोडणीमागे ३५० डॉलरपर्यंत शुल्क भरून देण्याची घोषणा केली. त्यानंतर अशा योजना नित्याच्या झाल्या. त्यात जुनी कंपनी अंतिम बिल पाठवते, ग्राहकाला ते आधी भरावे लागते किंवा नव्या कंपनीकडे सादर करावे लागते आणि परतावा काही आठवड्यांनी, बहुधा प्रीपेड कार्डाच्या रूपात येतो. शिवाय नव्या कंपनीच्या हप्त्यांत अडकणे आलेच. देश सोडून जाणाऱ्याला ही वाट उपयोगाची नाही.

यांपैकी काहीच लागू होत नसेल तर उरतो तो हिशेब. शुल्क दोनशे डॉलर आणि कराराचे चार महिने बाकी असतील, तर सर्वात स्वस्त योजना घेऊन मुदत पुरी करणे फायद्याचे ठरू शकते. चौदा महिने बाकी असतील, तर शुल्क भरून मोकळे होणे बरे. हे गणित कागदावर पाच मिनिटांचे आहे, पण रागाच्या भरात ते क्वचितच मांडले जाते.

न भरता निघून गेल्यास

‘मी परत येणारच नाही, मग बिल कशाला भरू?’ हा प्रश्न परतीच्या तयारीत असलेल्या अनेकांच्या मनात येतो. न भरलेले बिल काही महिन्यांनी वसुली संस्थेकडे जाते आणि तिथून पतनोंदणी संस्थांकडे. अमेरिकी कायद्यानुसार अशी नोंद सात वर्षांपर्यंत राहू शकते. तीनशे डॉलर वाचवून गेलेला तरुण चार वर्षांनी नव्या नोकरीवर किंवा कुटुंबासह परततो, तेव्हा घरमालक त्याचा पतअहवाल पाहतो, गाडीच्या कर्जाचा व्याजदर त्यावरून ठरतो आणि दुसरी मोबाइल कंपनीही अनामत मागते. ज्याची पत नुकतीच घडू लागली आहे, त्याच्या बाबतीत एका बिलाचा डाग अधिक ठळक दिसतो.

बिलाबद्दल खरोखर वाद असेल तर तो लेखी नोंदवावा, वाद नसलेली रक्कम वेळेवर भरावी आणि पोच जपून ठेवावी. गप्प राहणे हा वादाचा मार्ग नव्हे. पतनोंदणीत मौनाचा अर्थ थकबाकी असाच होतो.

करार गेला, हप्ते आले

मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइलने दोन वर्षांचे करार बंद करून फोनची किंमत आणि सेवेचे शुल्क वेगवेगळे केले. व्हेरायझनने ऑगस्ट २०१५ मध्ये नव्या ग्राहकांसाठी आणि एटी अँड टीने जानेवारी २०१६ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. मुदतपूर्व समाप्ती शुल्क हा शब्द मोठ्या कंपन्यांच्या नव्या मोबाइल योजनांतून जवळपास गेला. स्प्रिंट ही कंपनीच २०२० मध्ये टी-मोबाइलमध्ये विलीन झाली.

बदल चांगला होता. निदान फोनची किंमत उघड झाली आणि हप्ते फिटल्यावर बिल कमी होऊ लागले. परंतु ‘फुकट’ हा शब्द फार दिवस दूर राहिला नाही. आता फोन हप्त्यांवर दिला जातो आणि दरमहा हप्त्याएवढी रक्कम बिलातून वजा केली जाते. ग्राहकाला फोन फुकट पडल्यासारखे वाटते. मात्र ही वजावट तो सेवेत राहील तोवरच. बाहेर पडताच वजावट थांबते आणि उरलेले सर्व हप्ते एकदम देय होतात.

उदाहरणादाखल ७२० डॉलरचा फोन ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर घेतला असे मानू. दरमहा हप्ता २० डॉलर, वजावटही २० डॉलर. चौदा महिन्यांनी बाहेर पडणाऱ्याचे २२ हप्ते उरतात. म्हणजे ४४० डॉलरचे अंतिम बिल. जुन्या ३५० डॉलरच्या शुल्कातून चौदा महिन्यांनंतर २१० डॉलर उरले असते. नावाने करार नाही, दंडही नाही. ग्राहकाचा पाय मात्र दोनऐवजी तीन वर्षे अडकलेला. फोन त्याच्याजवळ राहतो आणि तो विकता येतो, हा खरा फरक.

विकण्यासाठी किंवा भारतात वापरण्यासाठी फोन ‘अनलॉक’ असावा लागतो, म्हणजे तो कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालायला हवा. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेत कंपनीच्या परवानगीविना नवा फोन अनलॉक करणे कॉपीराइट कायद्याखाली बेकायदा ठरले होते. मोठी ओरड झाल्यावर संसदेने कायदा केला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ही मनाई उठली. तरीही हप्ते फिटल्याखेरीज कंपनी फोन मोकळा करीत नाही, असाच बहुतेक ठिकाणचा नियम आहे.

शेजारच्या कॅनडात नियामकाने अधिक स्पष्ट रेषा आखली. डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या वायरलेस संहितेनुसार दोन वर्षांनंतर ग्राहकाला कोणतेही शुल्क न देता करार संपवता येतो आणि त्याआधी निघाल्यास फोनवर दिलेल्या सवलतीचा उरलेला भाग एवढेच शुल्क, तेही दरमहा समान घटत जाणारे.

भारतातील चित्र

भारतात हा प्रश्न या स्वरूपात फारसा उद्भवला नाही, कारण येथील बहुसंख्य ग्राहक प्रथमपासून प्रीपेड सेवेचे. फोन दुकानातून पैसे मोजून घ्यायचा आणि सिम वेगळे. प्रयोग मात्र झाले. २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये भरून फोन देण्याची ‘मान्सून हंगामा’ योजना आणली. त्यामागे पुढील मासिक रकमांची बांधिलकी होती. २०१७ मध्ये जिओफोनसाठी १५०० रुपये अनामत घेण्यात आली, ती तीन वर्षांनी परत मिळायची होती. फोनची किंमत काळावर पसरवण्याचेच हे निरनिराळे प्रकार.

क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय हरियाणात नोव्हेंबर २०१० मध्ये आणि देशभर २० जानेवारी २०११ रोजी सुरू झाली. जुलै २०१५ पासून ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातानाही मिळू लागली. त्यासाठी सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस पूर्ण झालेले असावे लागतात. ‘पोर्ट’ असा इंग्रजी शब्द आणि पुढे आपला क्रमांक लिहून १९०० या क्रमांकावर लघुसंदेश पाठवला, की आठ अक्षरांचा संकेत मिळतो. २०१९च्या सुधारित नियमांनुसार एकाच परिमंडळात तीन कामकाजाच्या दिवसांत आणि परिमंडळाबाहेर पाच दिवसांत बदल व्हावा, अशी व्यवस्था आहे. सिम नुकतेच बदलून घेतले असल्यास जुलै २०२४ पासून सात दिवस हा संकेत मिळत नाही. सिम चोरून घेऊन होणाऱ्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी हा नियम आला.

पोस्टपेड ग्राहकाला याखेरीज दोन अटी पाळाव्या लागतात : निघालेल्या बिलांची थकबाकी फेडलेली असावी आणि करारात बाहेर पडण्याचे कलम असल्यास त्याची पूर्तता झालेली असावी. कंपनी बदलल्यानंतर जुन्या कंपनीचे शेवटचे बिल भरले नाही, तर नव्या कंपनीकडील सेवाही बंद होऊ शकते.

फोन बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या हप्त्यांवर घेतला असेल तर सिम बदलायला आडकाठी नाही. कर्ज मात्र स्वतंत्र आहे आणि ते बुडाल्यास सिबिलसारख्या पतनोंदणीत त्याचा ठसा राहतो.

दंडाबाबत भारतीय कायदा पुरेसा स्पष्ट आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात रक्कम लिहिलेली असली, तरी न्यायालय वाजवी भरपाईच देववते. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ‘अन्याय्य करार’ ही संकल्पनाच आणली. झालेल्या नुकसानाच्या तुलनेत अवाजवी दंड लावणारे कलम त्यात मोडते आणि अशा कराराविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दूरसंचार सेवेचे वाद ग्राहक आयोगाकडे नेता येतात का, ही शंका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकांच्या बाजूने दूर केली. तत्पूर्वी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे व मग तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे.

अमेरिकेतून परतणाऱ्यांसाठी क्रम

नोकरी गेल्यावर एच-१बी व्हिसाधारकाला २०१७च्या नियमानुसार जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. त्या धांदलीत घर, गाडी, बँक यांच्या यादीत फोन शेवटी पडतो. पुढील क्रम पाळल्यास पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

१. शेवटचे बिल उघडून उरलेले हप्ते, थांबणारी वजावट आणि बिलाच्या चक्राची तारीख लिहून काढावी. काही कंपन्या शेवटच्या अपुऱ्या महिन्याचे पैसे परत देत नाहीत. म्हणून चक्र संपताना सेवा बंद करणे सोयीचे.

२. हप्ते फेडून फोन अनलॉक करून घ्यावा. यासाठी काही दिवस लागू शकतात. विमानाच्या आदल्या रात्री हे काम होत नाही.

३. अमेरिकी क्रमांक बँक, आयकर, भविष्यनिर्वाह खाते यांच्याशी जोडलेला असतो आणि त्यांचे गुप्त संकेत त्याच क्रमांकावर येतात. तो टिकवायचा असेल तर स्वस्त प्रीपेड योजनेत वळवावा.

४. वळवण्यापूर्वी जुनी जोडणी बंद करू नये. बंद केलेला क्रमांक बहुधा वळवता येत नाही. आधी कंपनीकडून स्थलांतराचा गुप्त क्रमांक घ्यावा. वळवणे पूर्ण झाले की ती जोडणी आपोआप बंद होते.

५. कुटुंबाच्या एकत्रित योजनेत चार-पाच मित्रांच्या जोडण्या असतील, तर खाते ज्याच्या नावे त्याने ते आधी दुसऱ्याच्या नावे करावे. तो निघून गेला तरी सर्वांची देणी त्याच्याच नावावर राहतात.

६. अंतिम बिल येईपर्यंत बँक खाते बंद करू नये. बिल शून्य झाल्याची लेखी पोच घेऊन ठेवावी.

७. कंपनीशी बोलताना तारीख, वेळ आणि प्रतिनिधीने दिलेला संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा. ‘शुल्क माफ केले आहे’ हे वाक्य लेखी आल्याखेरीज ते माफ झाले असे समजू नये.

सही करण्यापूर्वी

परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना घरची मंडळी औषधे, मसाले आणि गरम कपडे आठवणीने देतात. सोबत एक प्रश्नही द्यावा : ‘सहा महिन्यांनी सोडायचे झाले तर मला किती पैसे पडतील?’ दुकानदाराला हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर आकड्यात, कागदावर मागायचे. ज्याच्या मुक्कामाची मुदत अनिश्चित आहे, त्याच्यासाठी भारतातून नेलेला अनलॉक फोन आणि तिथली प्रीपेड सेवा हा अनेकदा सर्वात स्वस्त मार्ग ठरतो. दिसायला ‘फुकट’ फोनपेक्षा तो महाग वाटतो. परंतु त्यात निघायच्या दिवशी कोणाचे देणे उरत नाही.